कालव्याकाठचा अदृश्य चढ



आमच्या महाविद्यालयात अकरावीला असलेली एक मुलगी एकदा पहिला तास संपता संपता प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा घामाने डबडबलेला. उशिराचे कारण विचारताच ती म्हणाली, "सर, चूक माझी नाही, कालव्याची आहे!"

तिचे गाव नीरा डाव्या कालव्याच्या काठी आहे. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे सहा किलोमीटर तिला कालव्याच्या भरावावरच्या मुरमाच्या वाटेने सायकलवर यावे लागते. ती पुढे म्हणाली, "सर, वाट अगदी सपाट आहे. पण पायडल असे जड लागते, की जणू घाट चढतोय. आणि आमचे अण्णा तर दर रविवारी दोन्ही चाकांत हवा दगडासारखी भरून देतात. हवा टाइट असली की सायकल हलकी चालते ना?"

मी तिला सांगितले, "वाट सपाट आहे हे खरे, आणि तू चढ चढतेस हेही खरे. अण्णांचा नियमही खोटा नाही. तरी तुझ्या उशिराचे थोडे कारण त्या हवेतच आहे." तिचा विश्वास बसला नाही. तुमचाही बसला नसेल! तेव्हा या गोष्टी एकमेकींशी कशा जुळतात, ते आज आपण पाहू.

कालव्याची वाट सपाट का?

कालव्यातील पाणी पंपाने ढकललेले नसते. ते आपल्या वजनाने उताराकडे वाहते. उतार फार दिला तर पाणी वेगाने धावून काठ खरवडते, आणि शिवाय कालवा लवकर खाली उतरल्याने वरच्या बाजूच्या शेतांना पाणी मिळत नाही. म्हणून अभियंते मुख्य कालव्याला फारच थोडा उतार देतात; कित्येक हजार मीटर अंतरात एखादा मीटर, इतका थोडा. टेकडी आडवी आली तर कालवा ती चढत नाही, तिला वळसा घालून जातो. त्याच्या भरावावरची वाटही अर्थात त्याच्याबरोबर वळसे घेत, जवळजवळ एकाच पातळीत जाते.

याचे एक सुंदर उदाहरण अमेरिकेत आहे. तेथील चेसापीक व ओहायो कालवा पोटोमॅक नदीच्या काठाने वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागापासून कम्बरलँड गावापर्यंत जातो. हा कालवा शेतीसाठी नव्हे, नावांसाठी खोदला होता. काम १८२८ साली सुरू झाले आणि १८५० साली ते कम्बरलँडपर्यंत पोचले. नाव जरी ओहायोचे असले, तरी त्या नदीपर्यंत कालवा कधी पोचलाच नाही. कोळशाने भरलेल्या नावा दोराने ओढीत खेचरे काठावरून चालत. त्यांच्यासाठीच काठाची वाट बांधलेली होती. १९२४ साली नावा बंद झाल्या. पुढे या मार्गावर मोटारींचा रस्ता करावा असा विचार निघाला. तेव्हा १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी काही सोबत्यांना घेऊन ही सारी वाट पायी पालथी घातली आणि ती जशीच्या तशी राखण्यासाठी लोकमत जागे केले. १९७१ साली कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. आज त्या माती-खडीच्या वाटेवरून, दोन्ही बाजूंच्या दाट झाडीतून, सायकलस्वार जातात.

या वाटेची लांबी १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात ती ६०५ फूट, म्हणजे सुमारे १८४ मीटर चढते. हा चढ कालव्यात ७४ ठिकाणी दरवाजांचे हौद बांधून, जणू पाण्याच्या पायऱ्या करून, पार केला आहे. २९७ किलोमीटरला १८४ मीटर, म्हणजे सरासरी सुमारे १६०० मीटरला एक मीटर! असा चढ डोळ्यांना दिसत नाही, की पायांना जाणवत नाही.

हे आकडे लक्षात ठेवा. त्यांच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

खडीवरची सायकल

कालव्याच्या काठांवरून, जंगलातील वाटांवरून आणि शेतांमधल्या खडीच्या रस्त्यांवरून लांबलांबच्या सफरी करण्याचा छंद गेल्या काही वर्षांत पुष्कळ देशांत वाढला आहे. त्यासाठी ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची खास सायकल मिळते. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया येथे २००६ साली खडीच्या रस्त्यांवरची २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत सुरू झाली. २०२२ साली इटलीत या प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

या सायकलीचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते. पण टायर पाहाल तर चांगले रुंद, साधारण ३५ ते ५० मिलिमीटरचे. डांबरी रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलींना पूर्वी अवघे २३ मिलिमीटरचे टायर असत. आता तेथेही २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर वापरले जातात.

आता आपल्या गावातील जुन्या काळ्या, उंच सायकलीचा टायर पाहा. त्यावर २८ × १½ असे छापलेले असते. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! म्हणजे टायरच्या रुंदीच्या बाबतीत दूधवाल्याची सायकल या नव्या ग्रॅव्हल बाइकची मोठी बहीणच म्हणावयाची. हा योगायोग नव्हे. दोघींना खडबडीत वाटेवरून जावयाचे असते. आणि निसर्गाचे नियम कॅन्ससमध्ये एक आणि बारामतीत दुसरे, असे नसतात.

न दिसणारा चढ मोजू या

सपाट रस्त्यावर सायकल चालवताना दोन गोष्टी आपल्याला अडवतात. एक, समोरची हवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. पण सावकाश जाताना तो थोडाच असतो. दुसरी, चाक आणि जमीन यांच्या स्पर्शामुळे होणारा विरोध. याला आपण ‘चाकाचा विरोध’ म्हणू. तो साधारणपणे सायकल आणि स्वार यांच्या एकूण भाराच्या प्रमाणात असतो:

चाकाचा विरोध = क × भार

यातील ‘क’ हा एक लहानसा अंक आहे. आगगाडीचे पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना तो ०.००१ ते ०.००२ इतका थोडा असतो. आपल्या साध्या सायकलीसाठी चांगल्या डांबरी रस्त्यावर तो ०.००८ धरू. मुरूम-खडीच्या वाटेवर तो ०.०२ पर्यंत सहज जातो, आणि सैल वाळूत तर त्याच्याही कितीतरी पुढे. हे आकडे टायर व रस्ता यांप्रमाणे बदलतात. आपण हिशेबासाठी ते घेतले आहेत.

आता गंमत पाहा. १०० मीटर जाताना १ मीटर उंची गाठणाऱ्या चढावर गुरुत्वाकर्षण आपल्याला मागे ओढते. ते बल किती? भाराचा शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ × भार. हे सूत्र वरच्या सूत्रासारखेच दिसते! म्हणजे ‘क’ हा अंक दुसरे तिसरे काही नसून एक चढच आहे. क = ०.०२ असेल, तर सपाट वाटेवरही आपल्या पायांना १०० मीटरला २ मीटर असा चढ चढल्याइतकेच बल लावावे लागते. फरक एवढाच, की खरा चढ चढून गेल्यावर पलीकडे उतार मिळतो. या अदृश्य चढाला मात्र उतार नाही. जाताना चढ, आणि येतानाही चढ!

त्या मुलीचा हिशेब करू. ती, तिचे दप्तर आणि सायकल मिळून वस्तुमान ८० किलोग्रॅम धरा. भार झाला ८० × ९.८ = ७८४ न्यूटन. मुरमाच्या वाटेवर चाकाचा विरोध ०.०२ × ७८४, म्हणजे सुमारे १५.७ न्यूटन. सहा किलोमीटरसाठी कार्य होते १५.७ × ६००० = सुमारे ९४,००० ज्यूल. एवढ्याच ऊर्जेत ती सायकलसह १२० मीटर उंच चढली असती. तीन मीटरचा एक मजला धरला, तर रोज सकाळी चाळीस मजले! डांबरी रस्त्यावर तेवढ्याच अंतरात हा चढ ४८ मीटरच भरतो.

आता अमेरिकेच्या कालव्याचे आकडे आठवा. २९७ किलोमीटरची सारी वाट अवघी १८४ मीटर चढते. पण क = ०.०२ असलेल्या वाटेवर नुसते १० किलोमीटर गेलो, की २०० मीटरचा अदृश्य चढ चढून होतो. म्हणजे साऱ्या कालव्याच्या खऱ्या चढापेक्षा दहा किलोमीटरमधील न दिसणारा चढ मोठा! "सपाट वाटेवर घाट लागतो" ही तिची तक्रार शब्दशः खरी होती.

ही ऊर्जा जाते कोठे?

ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही शिकला आहात. मग त्या ९४,००० ज्यूलांचे होते काय? ती ऊर्जा तीन वाटांनी निसटते.

पहिली वाट टायरमध्येच आहे. जमिनीला टेकलेला टायरचा भाग दबतो, आणि चाक पुढे गेले की पुन्हा फुगतो. पण रबर दाबताना दिलेली सगळी ऊर्जा ते परत करीत नाही. रबरी चेंडू छातीच्या उंचीवरून सोडा. तो कधीच छातीपर्यंत परत येत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता झालेली असते. टायर जितका अधिक दबेल, तितका हा तोटा अधिक. म्हणून हवा घट्ट भरली की हा तोटा कमी होतो.

दुसरी वाट जमिनीत आहे. मुरमावर चाक टेकले की खडे बाजूला सरकतात, एकमेकांवर घासतात, आणि मागे चाकोरी उमटते. ही चाकोरी म्हणजे आपल्या ऊर्जेची जमिनीवर उमटलेली पावतीच. जमीन ती ऊर्जा परत देत नाही. चाक जितके कठीण आणि टेकण्याची जागा जितकी लहान, तितके ते खोल रुतते.

तिसरी वाट आपल्या स्वतःच्या शरीरात आहे. समजा, मागच्या चाकावर ४८ किलोग्रॅम भार आहे, आणि दगडासारखे कठीण चाक एक सेंटिमीटर उंच खड्यावर चढले. तेवढा भार एक सेंटिमीटर उचलण्यास ४८ × ९.८ × ०.०१, म्हणजे सुमारे ४.७ ज्यूल ऊर्जा लागते. खड्यावरून उतरताना त्यातील काही परत मिळते, सगळी मात्र नाही. उरलेली ऊर्जा सायकलच्या सांगाड्यातून हातांना, कमरेला आणि पोटऱ्यांना हादरे देत विरून जाते. दर मीटरला असा एकच खडा लागला आणि त्याची सगळी ऊर्जा वाया गेली असे धरले, तर सरासरी ४.७ न्यूटन विरोधाची भर पडेल. डांबरी रस्त्यावरचा चाकाचा सगळा विरोध ६.३ न्यूटन असतो, हे लक्षात घ्या. टायर मऊ असेल तर तो खड्याला आपल्यात सामावून घेतो. चाकाचा आस जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातो आणि स्वार उचलला जात नाही.

आता तिन्हींचा विचार एकत्र करा. हवा वाढवली की पहिला तोटा घटतो, पण दुसरा आणि तिसरा वाढतात. गुळगुळीत डांबरी रस्ता रुतत नाही आणि त्यावर खडेही नसतात. तेथे पहिल्या तोट्याचेच राज्य. म्हणून तेथे घट्ट हवा चांगली. खडबडीत वाटेवर दुसरा आणि तिसरा तोटा वरचढ होतात. तेथे घट्ट हवा नडते. प्रत्येक वाटेसाठी हवेचा एक मधला दाब असा असतो, की तिन्ही तोट्यांची बेरीज सर्वांत कमी होते. तो शोधणे हेच खडीवरच्या सायकलस्वाराचे पहिले कौशल्य.

अण्णा चुकले नव्हते. त्यांचा नियम डांबरी रस्त्याचा होता. तो कालव्याच्या वाटेवर लावला, एवढेच. विज्ञानात कोणताही नियम वापरताना तो कोणत्या परिस्थितीत लागू आहे, हे आधी विचारावे लागते, ते यासाठीच.

टायरचा ठसा

सायकलच्या दुकानात हवेचा दाब ‘पौंडां’त सांगतात. त्याचा अर्थ दर चौरस इंचावर तितके पौंड. एक पौंड प्रति चौरस इंच म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.०७ किलोग्रॅम भार. ६० पौंड म्हणजे ४.२ आणि ३० पौंड म्हणजे २.१ किलोग्रॅम भार प्रति चौरस सेंटिमीटर.

मागच्या चाकावरील ४८ किलोग्रॅम भार मुख्यतः आतली हवाच पेलते. तेव्हा जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ = भार ÷ दाब. ६० पौंडांना ते ४८ ÷ ४.२, म्हणजे सुमारे ११ चौरस सेंटिमीटर; ३० पौंडांना ४८ ÷ २.१, म्हणजे सुमारे २३ चौरस सेंटिमीटर. हवा निम्मी केली की ठसा दुप्पट होतो. उंटाचा पसरट पाय वाळूत का रुतत नाही, याचे उत्तरही येथेच आहे.

मग टायर रुंद कशासाठी? दाब तोच ठेवला तर रुंद टायरचा ठसाही साधारण तेवढाच असतो, पण आखूड आणि रुंद. महत्त्वाचे म्हणजे रुंद टायर उंचही असतो. त्यामुळे हवा थोडी कमी केली तरी खड्यावर आपटून रिम जमिनीला लागत नाही. अरुंद टायरला ही सवलत नाही.

डनलॉपची गोष्ट

हवेचा टायर जन्मला तोच मुळी खडबडीत रस्त्यांसाठी. रॉबर्ट टॉमसन याने १८४५ सालीच हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले होते. पण ती कल्पना मागे पडली. १८८७ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती नव्याने शोधून काढली. त्याने भरीव टायरचे एक चाक आणि हवेच्या टायरचे एक चाक अंगणात लोटून पाहिले. हवेचे चाक पुष्कळ लांब गेले. त्या काळचे रस्ते दगडांचे होते, हे ध्यानात घ्या. १८८९ साली हवेचे टायर लावलेल्या सायकलीवर विली ह्यूम याने बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, आणि भरीव टायरचे दिवस भरले.

आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या, रबरी टायरच्या बैलगाडीला अजूनही ‘डनलॉप’ म्हणतात. लोखंडी धावेची गाडी मऊ रानात रुतते, डनलॉप तिच्यापेक्षा हलकी निघते. बैलांना भौतिकशास्त्र येत नाही, पण क कमी झाल्याचे त्यांच्या मानेला नक्कीच कळत असेल!

आमचा प्रयोग

डनलॉपचाच प्रयोग आम्ही थोडा सुधारून केला. कालव्यावरच्या पुलापासून मुरमाच्या वाटेवर उतरणारा लहानसा उतार होता. त्या मुलीला सायकलवर बसवून उतारावरच्या एका खुणेपासून, पायडल न मारता, ब्रेक न लावता सोडले. सायकल उतरली, सपाट वाटेवर धावली आणि हळूहळू थांबली. थांबली तेथे खुंटी ठोकली. मग दोन्ही चाकांतील थोडी हवा सोडली आणि पुन्हा तसेच केले. सायकल पहिल्या खुंटीच्या पुढे चांगली पाच पावले जाऊन थांबली. आणखी हवा सोडली. आता ती मागे राहिली. त्या वाटेचा मधला दाब आमच्या हाती आला होता.

नंतर हाच प्रयोग डांबरी रस्त्याच्या उतारावर केला. तेथे अण्णांची घट्ट हवा जिंकली. मुलगी हसून म्हणाली, "सर, हे अण्णांना सांगते. त्यांना बरे वाटेल."

या प्रयोगात क मोजायला घड्याळही लागत नाही. सुटताना सायकलकडे स्थितिज ऊर्जा होती भार × उंची इतकी. थांबेपर्यंत ती सगळी खर्च झाली, आणि वेग कमी असल्याने मुख्यतः चाकाच्या विरोधात, म्हणजे क × भार × अंतर इतकी. दोन्हींतून भार निघून जातो, आणि उरते:

क = उंची ÷ अंतर

समजा, सुटण्याची खूण सपाट वाटेपेक्षा ४० सेंटिमीटर उंच होती आणि सायकल २० मीटरवर थांबली, तर क = ०.४ ÷ २० = ०.०२. सुटण्याचा बिंदू आणि थांबण्याचा बिंदू जोडणारी रेषा मनात काढा. त्या रेषेचा कल म्हणजेच तुमच्या वाटेचा अदृश्य चढ!

योग्य हवेने क ०.०२ वरून ०.०१५ वर आला असे धरा. तिच्या सहा किलोमीटरमधला चढ १२० मीटरवरून ९० मीटर होतो. दहा मजले वाचतात. तिचे पाय चाकाला ७५ वॅट शक्ती देतात असे मानून, हवेचा विरोधही हिशेबात धरला, तर आधी सुमारे २७ मिनिटे लागत, ती २४ होतात. तीन मिनिटे म्हणजे हजेरी घेण्यास लागणारा वेळ!

हा प्रश्न वेळेपुरताच नाही. घट्ट टायर खड्यांवरून उड्या मारतो. चाक हवेत असते त्या क्षणी जमिनीची पकड शून्य होते. तेव्हा ब्रेकही धरत नाही आणि हँडलही ऐकत नाही. तरुणपणी नवी सायकल घेतल्यावर मीही हवा अशीच ठासून भरली होती, आणि मुरमाच्या एका वळणावर गुडघा सोलून घेतला. शेजारी कालवा असता तर गुडघ्यावर भागले नसते.

मग हवा किती?

हवा कमी म्हणजे वाटेल तितकी कमी नव्हे. फार कमी झाली तर खड्यावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. रिम वाकते. टायर रिमवर सरकून व्हॉल्व्हचे मूळ फाटू शकते. म्हणून टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादांच्या आतच राहावे. हवा एकदम न सोडता थोडी थोडी कमी करून पाहावी. पुढच्या चाकावर भार कमी असतो. तेथे मागच्यापेक्षा थोडी कमी हवा चालते. कॅरियरवर पोते किंवा भाऊ बसणार असेल तर मागे हवा वाढवावी. पुढचा रस्ता सगळा डांबरी असेल, तर तेथेही पंप हाताशी असावा.

करून पाहा

१. वारा नसलेली सकाळ आणि रहदारी नसलेली, सपाट, मुरमाची जागा निवडा. शाळेचे मैदान उत्तम. कालव्याच्या अगदी कडेला प्रयोग करू नका. अस्तराचे उतार शेवाळाने निसरडे असतात आणि पाण्याला ओढ असते. भरावावर जाण्यास जेथे मनाई असेल तेथे जाऊ नका. शिक्षक किंवा मोठे माणूस बरोबर असू द्या.

२. उताराची उंची मोजण्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते. जिथे सायकल थांबते ती जागाही याच नळीने तपासा. जमीन आपल्याला वाटते तितकी सपाट नसते.

३. स्वार तोच, बसण्याची पद्धत तीच. प्रत्येक दाबाला पाच वेळा सोडा आणि अंतरांची सरासरी काढा.

४. टायरला शाई लावा. सायकल भिंतीशी धरून ठेवून स्वाराला वर बसवा आणि आलेखाच्या कागदावर टायरचा ठसा घ्या. ठशाच्या बाहेरच्या कडेच्या आतील चौरस मोजा. मागच्या चाकाखाली वजनकाटा आणि पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची वीट ठेवून भार मोजा. भाराला क्षेत्रफळाने भागले की दाबाचा अंदाज मिळेल. काटा असलेल्या पंपाशी तो ताडून पाहा. टायरचे कापडही थोडा भार पेलते, म्हणून दोन्हींत किंचित फरक येईल.

५. आडव्या अक्षावर दाब आणि उभ्या अक्षावर क घेऊन आलेख काढा. मुरमाचा आलेख आणि डांबरी रस्त्याचा आलेख एकाच कागदावर काढलात, तर दोन वाटांचा स्वभाव एका दृष्टिक्षेपात दिसेल.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून घ्यावा. यात घर्षण, दाब, कार्य, ऊर्जा आणि आलेख ही पाच प्रकरणे एकत्र भेटतात, आणि साहित्य म्हणून शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकली पुरतात.

विचार करा

पावसाळ्यात चिकण मातीच्या पाणंदीत रुंद टायर अडकून बसतो, तेव्हा आपल्या तीन तोट्यांत कोणत्या चौथ्याची भर पडते? उताराची उंची वाढवून सायकल जास्त वेगाने सोडली, तर क = उंची ÷ अंतर या सूत्राने काढलेला क खऱ्यापेक्षा जास्त येईल की कमी? का?

ती मुलगी आता बारावीत आहे. परवा तिला पुन्हा उशीर झाला. मी काही विचारण्याच्या आतच ती म्हणाली, "सर, आज कालव्याची चूक नाही. वाटेत म्हशी आडव्या आल्या." म्हशींवर मात्र भौतिकशास्त्रात अजून उपाय सापडलेला नाही!